बादलीभर ऊन पाण्याचा हिशेब

एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. शाळेत पाठ केलेलं हे वाक्य घरखर्चाच्या वहीत उतरवलं, तर न्हाणीघराच्या दारात होणाऱ्या कितीतरी वादांचा निकाल लागतो. गॅस परवडतो की लाकूड? विजेचा गिझर लावावा की गच्चीवर सौरबंब बसवावा? हल्ली शेतमालाच्या भुशापासून केलेल्या ‘पेलेट’ नावाच्या कांड्या मिळतात, त्या सिलिंडरपेक्षा स्वस्त पडतील का? या सगळ्या प्रश्नांना उत्तर आहे, आणि ते साध्या गुणाकार-भागाकाराने काढता येतं. मात्र त्यासाठी ‘किलोला किती?’ हा नेहमीचा प्रश्न बाजूला ठेवून ‘ऊन पाण्याच्या बादलीला किती?’ असं विचारायला हवं.

हा लेख नाशिकपुरता आहे, आणि तो पाण्यापासूनच सुरू करावा लागतो. नाशिकची थंडी कडक असली तरी इथे घर तापवत नाहीत. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर. पाऊस सरला की आकाश निरभ्र होतं आणि दिवसभर तापलेल्या जमिनीची उष्णता रात्री विनाअडथळा वर निघून जाते. म्हणून पहाटे हुडहुडी भरते आणि दुपारी त्याच अंगणात घाम येतो. निफाड तालुक्यात तर पारा फारच खाली जातो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात डिसेंबर २०१८च्या अखेरीस तो २ अंशांच्या खाली गेला होता. अशा रात्री द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबकने पाणी सोडतात आणि मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून जागतात. घरात मात्र गोधडी, स्वेटर आणि सकाळची गरम पाण्याची आंघोळ एवढ्यावर भागतं. त्यामुळे नाशिककराच्या घरात थंडीचा खर्च म्हणजे मुख्यतः ऊन पाण्याचा खर्च.

मोजमाप आधी

चार माणसांचं घर धरू. प्रत्येकी २० लिटर, म्हणजे ८० लिटर पाणी. जानेवारीत पहाटे टाकीतलं पाणी १७ अंशांचं आणि आंघोळीला हवं ४२ अंशांचं, असं धरलं तर फरक २५ अंशांचा. ८० गुणिले २५ म्हणजे २,००० किलोकॅलरी. एवढी उष्णता रोज सकाळी पाण्यात उतरली पाहिजे. ती गॅसने दिली काय, बाभळीच्या ढलपीने दिली काय, पाण्याला काही फरक पडत नाही. फरक पडतो तो आपल्या खिशाला, आपल्या वेळेला आणि आपल्या फुप्फुसांना.

पुढची पायरी इंधनाची. स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. दाबाखाली ते द्रवरूपात राहतं, म्हणून सिलिंडर हलवला की आत काहीतरी डचमळल्यासारखं वाटतं. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास उकळतो, प्रोपेन उणे ४२ अंशांना. म्हणूनच हिमालयातल्या हिवाळ्यात सिलिंडरमध्ये गॅस शिल्लक असूनही शेगडी मंदावते. नाशिकच्या थंडीत तशी वेळ येत नाही. एक किलो गॅस पूर्ण जळला की साधारण १०,८०० किलोकॅलरी उष्णता देतो.

वाळलेलं लाकूड किलोमागे साधारण ३,५०० किलोकॅलरी देतं. पेलेट ४,०००च्या आसपास. याचा अर्थ एक किलो गॅसची बरोबरी करायला पेलेट सुमारे २.७ किलो आणि लाकूड तीन किलोंहून थोडं जास्त लागतं. हा २.७चा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण तो दर बदलला तरी बदलत नाही.

विजेचं एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. दोन हजारांसाठी २.३ युनिटं लागतात.

लाकूड जळतं, पण पाणी तापतं का?

इथपर्यंत आलेला हिशेब अजून अर्धाच आहे. इंधन जळून निघालेली सगळी उष्णता पाण्यात जात नाही. तीन दगडांच्या उघड्या चुलीवर हंडा ठेवला, तर ज्वाळा हंड्याच्या बाजूने निसटून जातात, वारा त्यांना हलवतो, दगड आणि जमीन तापते, धूर अर्धवट जळालेलं इंधन घेऊन निघून जातो. अशा चुलीत जेमतेम दहा-पंधरा टक्के उष्णता पाण्यापर्यंत पोहोचते. घरगुती गॅस शेगडीसाठी भारतीय मानकाने किमान ६८ टक्के कार्यक्षमता ठरवून दिली आहे. पातेलं मोठं, बिनझाकणाचं आणि आच जास्त असं धरून आपण ती ६५ मानू. गॅस गिझरला ८० टक्के, विजेच्या गिझरला ९० टक्के धरायला हरकत नाही.

आणि बंब? आमच्या आजीच्या वाड्यातला तांब्याचा बंब मी अनेकदा पेटवला आहे, म्हणून त्याच्याविषयी जरा सविस्तर सांगतो. बाहेरून तो फुगीर पोटाचा घडा, आत मधोमध वरपर्यंत गेलेली नळी. नळीच्या तळाशी जाळी आणि जाळीखाली राखेसाठी जागा. पाणी नळीभोवती असतं, विस्तव नळीत. आधी करवंटीचे दोन तुकडे, त्यावर बारीक कपच्या, मग वरून ढलप्या सोडायच्या. खालून जळता कागद सरकवला की नळीच धुराड्याचं काम करते, हवा खालून ओढली जाते आणि मिनिटाभरात आतून घरघर ऐकू येते. तो आवाज आला की फुंकणी ठेवून द्यायची. बंबाची करामत एवढीच की विस्तवाला चहूबाजूंनी पाण्याने वेढलेलं असतं. उघड्या चुलीत ज्वाळा भांड्याला चाटून जाते, बंबात तिला पाण्याशिवाय दुसरी वाट नसते. म्हणून बंबाची कार्यक्षमता ४० टक्के धरली तरी चुलीच्या तिप्पट होते. तोटीखाली घंगाळ लावायचं आणि जेवढं ऊन पाणी काढलं तेवढं थंड पाणी वरून ओतायचं, ही त्याची शिस्त. ती मोडली तर कोरडा बंब तापून त्याचे झाळलेले सांधे सुटतात.

नाशिकला ही वस्तू परकी नव्हतीच. जुन्या गावातली तांबट लेन आणि भांडी बाजार ही नावंच सांगतात की तांब्या-पितळेचं काम इथल्या गल्ल्यांतून चालत असे. बंब घडवणाऱ्या कारागिराने उष्णताशास्त्राचं पुस्तक वाचलेलं नसेल, पण आजचे अभियंते ज्याला उष्णता-विनिमय म्हणतात, तो त्याने हातोड्याने घडवला होता.

एका सकाळचे पैसे

आता दर लावू. दर गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून मी हिशेबाला सोपे आकडे घेतो, वाचकांनी आपापल्या बिलावरचे घालावेत. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर ९०० रुपये, म्हणजे किलोला सुमारे ६३ रुपये. वखारीतलं लाकूड किलोला ८ रुपये. पेलेट किरकोळीत १२ रुपये. वीज युनिटला १२ रुपये, कारण महावितरणचा दर १०० युनिटांच्या पुढे चढतो आणि गिझरची युनिटं नेमकी त्या चढत्या टप्प्यात पडतात. वहन आकार आणि वीज शुल्क वेगळं. तर रोजच्या ८० लिटर पाण्याचा खर्च असा येतो:

- गॅस गिझर: २३० ग्रॅम गॅस, सुमारे साडेचौदा रुपये.
- गॅस शेगडीवर पातेलं: २८५ ग्रॅम गॅस, सुमारे १८ रुपये.
- विजेचा गिझर: २.६ युनिटं, सुमारे ३१ रुपये.
- बंब, विकतचं वाळलेलं लाकूड: १.४ किलो, सुमारे साडेअकरा रुपये.
- पेलेटची छोटी शेगडी (कार्यक्षमता ४० टक्के धरून): सव्वा किलो, सुमारे १५ रुपये.
- उघडी चूल, विकतचं लाकूड: पावणेपाच किलो, सुमारे ३८ रुपये.

ही यादी पहिल्यांदा मांडली तेव्हा शेवटच्या ओळीवर माझी नजर अडली. लाकूड विकत घेऊन उघड्या चुलीवर पाणी तापवणं हा या सगळ्यांत महागडा मार्ग आहे. विजेपेक्षाही महाग. तेच लाकूड बंबात घातलं की तो सगळ्यांत स्वस्त होतो. म्हणजे इंधन एकच, दर एकच, पण खर्चात तिपटीहून जास्त फरक. उष्णतेची किंमत वखारीत जेवढी ठरते, त्याहून जास्त चुलीत ठरते.

यातून आणखी एक गोष्ट कळते. गॅस गिझर असेल तर एका सिलिंडरमध्ये दोन महिन्यांचं आंघोळीचं पाणी तापतं. ‘गिझर लावला की सिलिंडर लगेच संपतो’ ही तक्रार खरी असते, पण अनेक घरांत त्याचं कारण गिझर हे नसून त्याखाली वाहणारा शॉवर असतो. २० लिटरांची बादली आणि १० मिनिटांचा शॉवर यांत पाण्याचा दुप्पट-तिप्पट फरक पडू शकतो आणि उष्णतेचा हिशेब पाण्याच्या मागोमाग जातो.

नळाने गॅस घेणाऱ्यांसाठीही हेच गणित चालतं. नाशिकमध्ये महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडच्या वाहिन्यांतून येणारा नैसर्गिक गॅस घनमीटरला साधारण साडेआठ हजार किलोकॅलरी देतो. तो सिलिंडरमधल्या ८०० ग्रॅम गॅसच्या बरोबरीचा. म्हणजे सिलिंडर ९०० रुपयांना असेल आणि नळाचा गॅस घनमीटरला ५० रुपयांच्या आत पडत असेल, तर नळाचा स्वस्त.

ओल्या लाकडातलं पाणी

लाकडाच्या दराविषयी बोलताना ओलाव्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. ताज्या तोडलेल्या झाडाच्या ओंडक्यात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. ते पाणी वाफ होऊन गेल्याशिवाय लाकूड पेट घेत नाही आणि एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ६०० किलोकॅलरी खर्ची पडतात. म्हणून निम्मा ओलावा असलेलं लाकूड किलोमागे दोन हजार किलोकॅलरीसुद्धा देत नाही. वखारीच्या काट्यावर मात्र ते वाळलेल्या लाकडाइतकंच किलोभर भरतं. ऐन पावसाळ्यात सर्पण घेणारा अर्धे पैसे पाण्याचे देतो आणि वर धूर सोसतो. आमच्याकडे वैशाखातच सर्पण फोडून, रचून, वर पत्रा टाकून ठेवायची रीत होती. ती निव्वळ टापटीप नव्हती. उन्हाने फुकटात वाळवलेलं लाकूड म्हणजे हिवाळ्यासाठी साठवलेलं ऊनच.

पेलेटचा फायदा इथे आहे. भुसा, शेंगांची टरफलं, उसाची चिपाडं, सोयाबीनचं काड असा माल आधी वाळवतात, दळतात आणि पोलादी साच्याच्या छिद्रांतून प्रचंड दाबाने बाहेर काढतात. दाबाने माल तापतो, त्यातलं लिग्निन मऊ होऊन डिंकासारखं काम करतं आणि थंड झाल्यावर सहा-आठ मिलिमीटर जाडीची घट्ट कांडी तयार होते. वेगळा गोंद लागत नाही. ओलावा दहा टक्क्यांच्या आत राहतो, आकार सारखा असतो, म्हणून जळणंही सारखं होतं. याच मालाचे जाड ओंडके केले की त्याला ब्रिकेट किंवा आपल्याकडे ‘पांढरा कोळसा’ म्हणतात. तो कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जातो.

कल्पना तशी जुन्या पिढीला ओळखीची आहे. भुशाची शेगडी आठवते का पाहा. पत्र्याचा डबा, खाली बाजूला एक भोक. डब्याच्या मधोमध बाटली उभी धरायची, खालच्या भोकातून एक दांडका आडवा सरकवायचा आणि भोवती सुतारवखारीतून आणलेला भुसा मुठीने ठोकून ठोकून भरायचा. मग बाटली फिरवत फिरवत अलगद वर काढायची आणि दांडका बाहेर ओढायचा. मध्ये धुराड्यासारखी पोकळी तयार. खालून पेटवलं की भुसा आतून बाहेर हळूहळू जळत जाई आणि दोन-तीन तास पुन्हा हात लावावा लागत नसे. सैल भुसा नुसता धुमसतो. तोच दाबून, हवेला वाट ठेवून जाळला तर आच देतो. पेलेट म्हणजे हाच दाब यंत्राने दिलेला.

महाराष्ट्रात हा प्रयोग होऊन गेला आहे

पेलेट घराघरांत चालतील का, हा प्रश्न आपल्याकडे कागदावरचा नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने बीपी या तेल कंपनीने ‘ऊर्जा’ नावाची पेलेटची शेगडी तयार केली आणि २००६च्या सुमारास ती बाजारात आली. पुढे २००९मध्ये बीपी बाहेर पडली आणि पुण्याच्या ‘फर्स्ट एनर्जी’ने काम पुढे नेलं. वरून पेलेट भरायचे, खाली छोटा पंखा आणि चार्ज होणारी बॅटरी. पंख्याने हवा नीट मिळाल्यामुळे धूर फार कमी. महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडू अशा राज्यांत मिळून सुमारे चार लाख शेगड्या खपल्या. स्वच्छ चुलींच्या इतिहासात हा आकडा मोठा होता.

मग अडलं कुठे? पेलेटच्या दरात. कच्चा माल म्हणजे चिपाडं आणि टरफलं. जोवर त्यांना कोणी विचारत नव्हतं, तोवर ती स्वस्त होती. कारखान्यांचे बॉयलर त्याच मालाकडे वळले, तसा त्याचा भाव चढला आणि पेलेटचाही. दुसरीकडे घरगुती सिलिंडरवर अनुदान होतं. गृहिणीने केलेला हिशेब साधा होता. पेलेट महाग, ते मिळायला दुकानदारावर अवलंबून राहायचं, आणि शेवटी राख काढायचीच. २०१०च्या आसपास घरगुती विक्री ओसरली आणि कंपनीने हॉटेलं, खानावळी, कारखाने यांच्याकडे मोर्चा वळवला. त्यांना गॅसवर अनुदान नव्हतं.

वर धरलेल्या दरांनी पाहिलं तरी हा निर्णय बरोबर ठरतो. घरगुती गॅस ६३ रुपये किलो असताना २.७ने भागलं की पेलेटचा बरोबरीचा दर साडेतेवीस रुपये निघतो. पण गॅस शेगडी ६५ टक्के आणि पेलेट शेगडी ४० टक्के हा फरक धरला की तो साडेचौदा रुपयांवर येतो. म्हणजे पेलेट साडेचौदाच्या खाली मिळाले तरच पातेल्यातल्या पाण्याला परवडतात. बारा रुपयांना मिळाले तर वाचतात रोज तीनेक रुपये. तेवढ्यासाठी कोणी गॅस सोडणार नाही. आता हॉटेलचा १९ किलोचा सिलिंडर १,८०० रुपये धरू. किलोला ९५ रुपये पडतात. तीच शेगडी, तेच पेलेट, पण खर्च गॅसच्या जवळपास निम्मा. त्यामुळे मंगल कार्यालय, वसतिगृह, मिसळीचं मोठं स्वयंपाकघर, बेदाण्याचं शेड, दूध तापवणारा धंदा, अशा ठिकाणी पेलेटचा विचार खरोखर करावा. घरात मात्र आज तरी तो जिंकत नाही.

परदेशात चित्र वेगळं दिसतं, आणि का दिसतं हे समजून घेणं उपयोगी आहे. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या मेन, व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर अशा राज्यांत अख्खं घर महिनोनमहिने तापवावं लागतं. आवारात प्रोपेनची मोठी टाकी असते किंवा दिवाणखान्यात पेलेटचा स्टोव्ह. १८ किलोच्या पिशव्या गॅरेजमध्ये रचलेल्या असतात. तिथे गेलेल्या मराठी कुटुंबाला ऑक्टोबरात ‘प्रोपेन की पेलेट?’ हा प्रश्न पडतो. त्यांचाही आकडा २.७चाच. पण त्यांचा पेलेट स्टोव्ह बंदिस्त असतो, मळसूत्र फिरून पेलेट आपोआप आत पडतात, उष्णता पंख्याने खोलीत येते आणि कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपास जाते. यंत्रातली तफावत मिटली की इंधनाची स्वस्ताई हातात पडते. आणि रोज तासन्‌तास चालणाऱ्या यंत्राची किंमत लवकर वसूल होते. आपल्याकडे थंडी पहाटेच्या दोन तासांची. तेवढ्यासाठी महागडं यंत्र परवडत नाही. मात्र पेलेटच्या भावाचा धडा तिथेही तोच. २०२२मध्ये युक्रेन युद्धानंतर युरोपात लोक गॅसकडून पेलेटकडे वळले आणि काही देशांत पेलेटचे भाव दुप्पट झाले. टाकाऊ माल टाकाऊ असेपर्यंतच स्वस्त असतो.

बांधावर जळणारी काडी

नाशिककराच्या मनात इथे एक प्रश्न येणारच. आपल्याकडे द्राक्षबागेची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी. दोन्ही वेळा बागेत काडीचा खच पडतो. काही शेतकरी ती यंत्राने कुटून जमिनीत मिसळतात, काही बांधावर जाळून टाकतात. ही काडी चांगलं जळण आहे. तिचे पेलेट होऊ शकतात.

होऊ शकतात, पण काडी हलकी आणि फुगीर असते. ट्रॅक्टर भरला तरी वजन थोडंच. ती दूरच्या कारखान्यात नेण्यात नफा भाड्यात जातो. म्हणून हा धंदा गावाच्या जवळपास असेल तरच जमतो. पुण्याच्या ‘आरती’ या समुचित तंत्रज्ञानाच्या संस्थेने उसाच्या पाचटाचा प्रश्न याच दिशेने सोडवला होता. डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली शेतातच भट्टी लावून पाचटाचा कोळसा करायचा आणि त्याच्या कांड्या पाडायच्या, अशी ही पद्धत. तिला २००२मध्ये लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. माल कारखान्याकडे नेण्याऐवजी भट्टी मालाकडे न्यायची, ही त्यातली शहाणी गोष्ट. द्राक्षाच्या काडीला ती तशीच लागू पडते. आज मागणीही वाढते आहे. ऑक्टोबर २०२१मध्ये केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयाने कोळशावरच्या वीज केंद्रांनी साधारण ५ टक्के पेलेट मिसळावेत असं धोरण आणलं. शेतकऱ्याला त्यातून दोन पैसे मिळाले तर उत्तमच. पण मग घरगुती पेलेट स्वस्त होतील अशी आशा धरू नये.

फुकटच्या सर्पणाची किंमत

आता यादीकडे परत येऊ. तिच्यातली एक ओळ मी अजून लिहिलेलीच नाही. उघडी चूल आणि न विकत घेतलेलं लाकूड. खर्च शून्य. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांतल्या कितीतरी घरांचा हिशेब असाच आहे. चुलीला रोज पावणेपाच किलो सर्पण आंघोळीच्या पाण्यालाच लागतं, स्वयंपाकाचं वेगळं. ते डोंगरातून मोळी करून डोक्यावर येतं आणि बहुतेक वेळा ते डोकं बाईचं असतं. मग ती त्याच चुलीपुढे बसून धूर घेते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगभर ३२ लाख माणसं वेळेआधी दगावली. चुलीचा हिशेब शून्य दिसतो, कारण या गोष्टी मांडायला वहीत रकानाच नसतो.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसची जोडणी अनेक घरांत पोहोचली. तरी चूल पूर्ण विझली नाही. याचं कारण अडाणीपणा नाही, पैशाचा ओघ आहे. सिलिंडरसाठी एकदम ९०० रुपये काढावे लागतात. मजुरी आठवड्याला मिळणाऱ्या घरात ते एका दिवशी निघत नाहीत, अनुदान नंतर खात्यात येणार असलं तरी. सर्पण मात्र रोजचं रोज येतं. पाच किलोच्या छोट्या सिलिंडरचा उपयोग अशा घराला होतो. आणि जिथे चूल राहणारच आहे, तिथे धुराडं असलेली सुधारित चूल किंवा साधा पत्र्याचा बंब दिला, तरी त्याच पाण्याला सर्पणाची मोळी तिपटीने हलकी होते.

मग नाशिककराने काय करावं?

गच्ची आपली असेल तर सौरबंब पहिला. नाशिकची थंडी निरभ्र आकाशामुळे पडते आणि त्याच निरभ्र आकाशातून दिवसभर ऊन मिळतं. ज्या दिवसांत ऊन पाणी सर्वांत जास्त हवं, त्याच दिवसांत सूर्य ते तापवून देतो. शंभर लिटरांचा संच २५ हजारांना पडला आणि वर्षातले २०० दिवस त्याने काम दिलं, तर विजेच्या गिझरच्या तुलनेत चारेक वर्षांत पैसे फिटतात, गॅसच्या तुलनेत साडेआठ वर्षांत. बोअरच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार साचतात, त्यांची सफाई मात्र चुकवू नये.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला गॅस गिझर स्वस्त पडतो, पण एका अटीवर. तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावावा. बंद न्हाणीघरात गॅस जळताना प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. दर हिवाळ्यात अशा मृत्यूच्या बातम्या येतात. रोजचे सोळा-सतरा रुपये वाचवण्यासाठी हा धोका कोणी पत्करू नये. बाहेर जागा नसेल तर विजेचा गिझर घ्यावा, वापराआधी थोडाच वेळ चालू करावा आणि आंघोळी एकापाठोपाठ एक उरकाव्यात. वाडीत, मळ्यात राहणाऱ्याने आपल्याच बागेची काडी वाळवून बंबात जाळली, तर त्याच्याइतकं स्वस्त ऊन पाणी कोणालाच मिळणार नाही.

आणि तरीही बंबाच्या त्या साडेअकरा रुपयांपुढे एक टीप लिहावीच लागेल. गॅस गिझरशी तुलना केली तर बंब रोज तीन रुपये वाचवतो, तीन महिन्यांच्या थंडीत २७० रुपये. त्यासाठी कोणीतरी रोज अर्धा तास आधी उठतं, काल रात्रीची राख काढतं, करवंट्या फोडतं, नळीशी वाकून फुंकर घालतं. आमच्या वाड्यात ते काम आजी करायची. आम्ही उठायचो तेव्हा घंगाळात पाणी वाफाळत असायचं आणि ते कोणी तापवलं हे आम्ही कधी विचारलं नाही. घरात कोणतं इंधन परवडतं याचा हिशेब मांडायला बसाल, तेव्हा किलो, युनिट आणि रुपये यांच्या शेजारी एक रकाना जास्तीचा आखा. त्यात लिहा, पहाटे कोण उठतं. तो रकाना भरल्यावर जे उत्तर येईल, तेच त्या घराचं खरं उत्तर.